अंगणातलं निळं : बेलापूर, हंगाम २०२४-२५

९ सप्टेंबर २०२४

दीड दिवसाचे गणपती काल गेले. आता मोकळा वेळ आहे आणि डोक्यात पुन्हा डेल्फिनियम आहे, निळ्या तुऱ्यांचं ते फुलझाड. गेल्या वर्षी २० बिया पेरल्या, एकही उगवली नाही. का नाही उगवली ते सांगता येत नाही, कारण काहीच लिहून ठेवलं नव्हतं. ३२ वर्षं तुर्भ्याच्या एका कारखान्यात दाबमापकं आणि तापमापकं तपासली, ‘नोंद नाही तर काम झालंच नाही’ असं हाताखालच्या पोरांना ऐकवलं, आणि स्वतःच्या अंगणात हा कारभार. म्हणून ही वही.

हे खूळ शिरलं तीन वर्षांपूर्वी, जुन्नरकडच्या एका कड्यावर. पाऊस नुकता ओसरलेला, गवतातून निळे तुरे वर आलेले. बरोबरच्या वाटाड्याने नाव सांगितलं, निळवंती. शास्त्रीय नाव डेल्फिनियम मलबारिकम. सह्याद्री सोडून जगात दुसरीकडे कुठे ती आपणहून उगवत नाही. चार बिया खिशात टाकायचा मोह झाला होता, पण टाकल्या नाहीत. कड्यावरची वस्तू कड्यावरच राहू दे. तिचे परदेशी भाऊबंद पाकिटात मिळतात, त्यांच्यावर हौस भागवायची.

जागा : घरामागचं अंगण. आमची वसाहत, आर्टिस्ट व्हिलेज, वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंनी आखली तेव्हा घराला अंगण हवंच हे धरून आखली. आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी त्यावर खोल्या चढवल्या, आमचं राहिलं ते माझ्या आळसामुळे. पूर्वेच्या भिंतीलगत ९ फूट बाय अडीच फुटांचा वाफा निघतो. सकाळी ८ ते १ ऊन, नंतर शेजारच्यांच्या आंब्याची सावली.

२२ सप्टेंबर

तीन पाकिटं आली.

अ : लार्कस्पर, डेल्फिनियमच्या जवळचं फुलझाड, मिश्र रंग. ६० बिया.
ब : पॅसिफिक जायंट डेल्फिनियम, निळा. २० बिया. सगळ्यात महाग.
क : चिनी डेल्फिनियम, म्हणजे ग्रँडिफ्लोरम. बुटकं. २४ बिया.

खरा जीव ‘ब’मध्ये. कॅलिफोर्नियात फ्रँक रेनेल्ट यांनी घडवलेली जात, माणसाच्या उंचीचे तुरे देणारी. तिचे पूर्वज थंड मुलखातले. तिकडे झाड वर्षानुवर्षं टिकतं, दर वसंतात मुळातून नव्याने फुटतं. बेलापुरात एक हंगाम जगलं तरी मी पेढे वाटीन.

या बियांचं आयुष्य मुळातच कमी आणि उष्णतेत तर ते भराभर संपतं. गेल्या वर्षीचं पाकीट नर्सरीच्या पत्र्याखाली तारेला टांगलेलं होतं, एवढं पक्कं आठवतंय. त्याने तिथे अख्खा मे महिना काढला असणार. म्हणजे मी २० मेलेल्या बियांना रोज पाणी घालत होतो.

या वेळी बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, ५ अंशांवर १४ दिवस. ‘अ’मधल्या ३० बिया मात्र मुद्दाम स्वयंपाकघरातल्या कपाटात कोरड्या ठेवल्या, तुलनेसाठी. ही म्हणाली, “अहो, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये.” म्हटलं, फ्रिजमध्ये टाकणं म्हणजे सुरू करणं नव्हे, थांबवून ठेवणं. पटलेलं दिसलं नाही. तरी भाजीच्या खणात जागा दिली.

६ ऑक्टोबर

देवघरात घट बसलेत. परडीतलं धान्य चौथ्याच दिवशी बोटभर वर आलंय. खोलीत ३१ अंश. गव्हा-जवाला ही ऊब मानवते. डेल्फिनियमचं बी मात्र एवढ्या उष्णतेत फुटतच नाही, गप्प पडून राहतं. त्याला १२ ते १८ अंश हवेत आणि वर अंधार. ऑक्टोबरात आमच्याकडे बाहेर ३४.

उपाय म्हणून दिवाळे गावातल्या मासळी बाजारातून थर्माकोलचा खोका आणला, ४० रुपयांना. कोळीणमावशींनी कोणता मासा ठेवणार म्हणून विचारलं. फुलाच्या बिया म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. (डेल्फिनियम हे नाव ग्रीक डॉल्फिनवरून आलंय, कळीचा आकार तसा दिसतो म्हणून. डॉल्फिन काही मासा नव्हे, पण मासळीचा खोका अगदीच बेवारशी ठरला नाही.)

रचना अशी : तळाला बर्फ केलेल्या पाण्याच्या १ लिटरच्या दोन बाटल्या, त्यावर तारेची जाळी, जाळीवर कोकोपीट आणि बारीक रेतीचा ट्रे, वरून काळं कापड. बाटल्या सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री १० वाजता बदलायच्या.

पहिल्या तासातच घोळ. बाटलीजवळच्या कोपऱ्यात ८ अंश, लांबच्या कोपऱ्यात २१. एकाच ट्रेमध्ये महाबळेश्वर आणि पनवेल. जुन्या संगणकातला पंखा काढून मोबाइलच्या चार्जरवर जोडला. आता चारही कोपऱ्यांत १५ ते १८. आज सगळं पेरलं, कपाटातल्या ३० सुद्धा. बियांवर मातीचा अगदी पातळ थर.

१२ ऑक्टोबर, दसरा

काही नाही. काल खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत थर्मामीटरबरोबर खोक्यालाही झेंडूचं फूल मिळालं. खोक्याला अजून बोंबलाचा वास येतो.

२१ ऑक्टोबर

पंधरा दिवस झाले. मोजणी :

अ, फ्रिजमधल्या : ३० पैकी १९.
अ, कपाटातल्या : ३० पैकी ४.
ब : २० पैकी १४.
क : २४ पैकी ११.

एकाच पाकिटातल्या बिया, एकच ट्रे, एकच पाणी, आणि फरक १९ विरुद्ध ४. फ्रिजमधले चौदा दिवस सोडून दुसरं काही वेगळं नव्हतं. ‘ब’चे १४ बघून तर छाती फुगली. पॅसिफिक नखरेल म्हणतात, ७० टक्के म्हणजे मी काय मिळवलंय याची मला कल्पना आहे. (८ डिसेंबरची नोंद वाचावी.)

कोंब दिसले तसे ट्रे बाहेर काढून उत्तरेच्या खिडकीत ठेवले. अंधार फक्त उगवेपर्यंत लागतो, नंतर तोच रोपांना लांबट आणि पांढरं करतो.

४ नोव्हेंबर

भाऊबीजेला डोंबिवलीला बहिणीकडे दोन दिवस गेलो. जाताना ओल टिकावी म्हणून ट्रेवर प्लास्टिकचं झाकण ठेवलं. परत येऊन बघतो तर रोपं बुंध्याशी काळी पडून आडवी झालेली. बुरशी. झाकण मी ठेवलं, दोष माझा. उरलेल्यांना ट्रायकोडर्माचं (रोगट बुरशीला मारणाऱ्या बुरशीचं) पाणी दिलं, झाकण फेकून दिलं. उरलेल्यापैकी तीन रोपं रात्री आफ्रिकन गोगलगायीने खाल्ली. टॉर्च घेऊन अकरा गोगलगायी वेचल्या, मिठाच्या पाण्यात टाकल्या. ही त्या बादलीकडे बघत नाही.

शिल्लक : अ १७, ब १०, क ७.

१७ नोव्हेंबर

रात्रीचं तापमान आज पहिल्यांदा २० च्या खाली, १९.४. लावणी केली.

वाफ्याबद्दल लिहायला हवं. आमच्याकडची माती म्हणजे पारसिकच्या डोंगराचा लाल मुरूम, त्यात घर बांधताना पडलेला राडारोडा. निचरा बरा, कस शून्य. एक फूट खणून विटांचे तुकडे दोन घमेली काढले. जुनं शेणखत तीन घमेली, गांडूळखत एक, निंबोळी पेंड दोन किलो, आणि शिंपल्यांचा चुना दोन मुठी, कारण या कुळाला आंबट माती चालत नाही. वाफा जमिनीपासून सहा इंच उंच केला. मूळ पाण्यात उभं राहिलं की कुजतं.

लार्कस्परचं मूळ सरळ खाली जातं आणि ते दुखावलं तर झाड रुसतं. म्हणून ट्रेमधून वर्तमानपत्राच्या पुड्यांमध्ये हलवली होती, आता पुडीसकट जमिनीत. अ आणि ब मिळून २७ रोपं वाफ्यात, क ची ७ दहा इंची कुंड्यांत.

८ डिसेंबर

‘ब’ पॅसिफिक नाही.

चार दिवस संशय होता. पॅसिफिकचं पान रुंद असतं, पसरलेल्या पंजासारखं. माझ्या दहाही रोपांची पानं शेपूच्या जुडीसारखी, दोऱ्या-दोऱ्यांची. शेजारच्या ‘अ’ची अगदी तश्शीच. दोन्हींची पानं कागदावर चिकटवून भिंगाखाली पाहिली. पाकिटावर पॅसिफिक, आत लार्कस्पर. तरीच ७० टक्के उगवण.

नर्सरीवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “काका, एकच आहे ते.” जाम राग आला. रात्री पुस्तकं, कागद काढून बसलो. पूर्वी लार्कस्परला कन्सॉलिडा या वेगळ्या प्रजातीत ठेवायचे : फुलात पाकळ्या चिकटून एकच झालेली आणि बियांची शेंगही एकच. डेल्फिनियमच्या फुलामागे शेंगा तीन ते पाच. पण जनुकांचा अभ्यास झाल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञांनी कन्सॉलिडालाही डेल्फिनियममध्येच घेतलंय. लार्कस्परचं आजचं नाव डेल्फिनियम अजासिस. म्हणजे नावापुरता तो बरोबर. पैसे मात्र त्याने पॅसिफिकचे घेतले.

हिला सांगितलं. तिने विचारलं, “पण निळं येणार ना?” येणार.

१५ डिसेंबर

रोपं जमिनीला चिकटून बसलीत. पानांचा झुबका मोठा होतोय पण मधून दांडा निघत नाही. रात्री १७, दिवसा ३१, पाणी ठीक, खत ठीक.

मेहुणा रविवार म्हणून आलाय. त्याची पुरंदर तालुक्यात शेवंती. वाफ्याकडे बघून म्हणाला, “दाजी, याला बल्ब लावा की.” तो शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावतो हे मला ठाऊक होतं, पण ते फूल लांबवण्यासाठी. शेवंती मोठ्या रात्रीची वाट बघते, रात्र लांबली की कळी धरते. बल्ब लावून तिला रात्र लहान भासवायची, म्हणजे ती वाढत राहते आणि फूल हवं तेव्हा बल्ब बंद करून काढता येतं. मेहुण्याचं म्हणणं, तुमचं झाड उलट्या जातीचं दिसतंय.

आणि ते बरोबर निघालं. लार्कस्पर दिवस मोठे होत गेले की दांडा टाकतं. त्याच्या मूळ देशांत वसंत संपता संपता दिवस १४-१५ तासांचा असतो. आमच्या १९ अक्षांशाला या आठवड्यात दिवस जेमतेम ११ तासांचा. थंडी आहे तेव्हा दिवस लहान, आणि दिवस मोठा होईल तेव्हा थंडी गेलेली. गेली तीन वर्षं मी फक्त तापमानाच्या मागे होतो. आयुष्यभर थर्मामीटर हाताळणाऱ्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, असं दिसतं.

प्रयोग : वाफ्याच्या मधोमध प्लायवूडचा आडोसा. उत्तरेकडच्या १४ रोपांवर ९ वॅटचा एलईडी बल्ब, जमिनीपासून अडीच फुटांवर, संध्याकाळी ६ ते १० टायमरवर. म्हणजे दिवस १५ तासांचा. दक्षिणेकडची १३ जशी आहेत तशी. दोन्हीकडे अ-ब सारखेच मिसळलेले. सात कुंड्यांपैकी ४ बल्बाकडे, ३ इकडे.

शेजारच्या अप्पांनी भिंतीवरून विचारलं, “अंगणात पूजा आहे का काही?”

५ जानेवारी २०२५

बल्बाखालच्या १४ पैकी ११ रोपांनी दांडा टाकलाय. सर्वांत उंच २३ सेंटीमीटर. आडोशापलीकडे १३ पैकी शून्य. मेहुण्याला फोटो पाठवला. त्याने उत्तरात फक्त बल्बाचं चित्र धाडलं.

रात्रीचा नीचांक १४.६, या हंगामातला सर्वांत कमी.

दांडा आतून पोकळ असतो, वाऱ्याने मोडतो. प्रत्येकाला बांबूची काडी, सुतळीने इंग्रजी आठच्या आकाराची सैल गाठ.

१४ जानेवारी

तिळगूळ. पानांवर भुरीचे पांढरे ठिपके, खालच्या बाजूला. आंबट ताक एकास दहा पाण्यात, सकाळी फवारलं. संध्याकाळचं पाणी बंद.

३० जानेवारी

पहिलं फूल उघडलं, बल्बाकडच्या ‘ब’चं. सकाळी ७.१० ला दूध आणायला बाहेर पडलो आणि परत आत आलो.

निळा म्हणजे कसा, ते लिहायला तीन वेळा बसलो. गोकर्णापेक्षा हलका, आकाशापेक्षा दाट. सावलीत थोडा जांभळा दिसतो, उन्हात जांभळेपणा जातो. ज्याला आपण पाकळ्या म्हणतो ती खरी तर बाहेरची पाच संदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण, पाकळी आत लहानशी. वरचं संदल मागे लांब नळीत निमुळतं होतं, त्या नळीत मकरंद. नऊच्या सुमाराला पोटावर निळे पट्टे असलेली माशी आली, तीच जी तुळशीवर भुणभुणते. लांब जिभेची असल्यामुळे तिला नळी पुरते. पाळीव मधमाशीने दोनदा प्रयत्न करून नाद सोडला.

रंगद्रव्याचं नावच डेल्फिनिडिन, याच फुलावरून ठेवलेलं. गंमत म्हणजे तेच कुळ गोकर्णाच्या निळ्यात आहे, जांभळात आहे आणि वांग्याच्या सालीत आहे. हिने काल भरली वांगी केली होती. एवढा खटाटोप करून मी अंगणात जे उगवलं ते काल ताटात होतं, असं तिचं म्हणणं.

९ फेब्रुवारी

बल्बाकडचे सगळे तुरे फुललेत. निळे ९, गुलाबी ३, पांढरे २. उंची सरासरी ७८ सेंटीमीटर. ‘क’च्या ४ कुंड्याही फुलल्या, फूटभर उंच, तुऱ्याऐवजी विस्कटलेल्या फांद्या, पण निळा लार्कस्परहून गडद, शाईचा.

अप्पांचा नातू, वय ४, कुंपणाच्या फटीतून हात घालून फुलं खुडत होता. ओरडलो, जरा जास्तच जोरात. तो रडला, त्याची आई बाहेर आली. मग तिला नीट बसवून सांगितलं, ते इथेही लिहून ठेवतो. हे झाड बचनागाच्या कुळातलं, अगदी जवळचं. पान, फूल, बी, सगळं विषारी. बी आणि कोवळं रोप सर्वांत जास्त. त्यातली अल्कलॉइड्स मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कुरणांवर रानटी लार्कस्पर खाऊन गुरं मरतात, तो तिथल्या गुरं पाळणाऱ्यांचा जुना वैताग आहे. हात लावल्याने काही होत नाही, तोंडात जाता कामा नये. मुलाचे हात साबणाने धुतले, त्याला गुलाब दिला. कुंपणाला आतून बारीक जाळी आजच लावली. हे नोव्हेंबरातच करायला हवं होतं.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, हे फूल देवाला चालेल का? चालेल, पण निर्माल्य गाईला घालू नका.

२६ फेब्रुवारी

सावलीत ३८. डांबर वितळल्याचा वास येतोय.

आडोशापलीकडच्या १३ रोपांनी शेवटी दांडे टाकले. पहिलं फूल २० तारखेला, म्हणजे बल्बाकडच्यांपेक्षा बरोबर तीन आठवड्यांनी. उंची सरासरी ४६ सेंटीमीटर. खालची फुलं उघडेपर्यंत वरच्या कळ्या तांबूस होऊन वाळतात. बल्बाकडचा बहर २४ दिवस टिकला. इकडे नववा दिवसही दिसेल असं वाटत नाही. ५० टक्क्यांची शेडनेट टाकली, पण ती उन्हाला अडवते, हवेला नाही.

बल्बाचा खर्च : ९ वॅट, रोज ४ तास, ७३ दिवस. अडीच युनिटांच्या आसपास. हिने विजेच्या बिलाचा विषय काढला होता, म्हणून हिशोब.

१४ मार्च, धुळवड

रंगात भिजलेली पोरं अंगणातून पळाली, सुकलेल्या झाडांचं त्याने काही बिघडलं नाही. शेंगा पिवळ्या पडल्यात. ‘ब’च्या प्रत्येक फुलामागे एकच शेंग. पाच झाडं तपासली. पक्कं, लार्कस्पर. ‘क’च्या मागे तीन-तीन.

शेंगेचं टोक किंचित उकललं की काढायची, एक दिवस उशीर झाला की बी जमिनीवर.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर वाफा मोकळा केला. झाडं मुळासकट उपटून खड्ड्यात पुरली, बाहेर टाकली तर गावठाणातल्या शेळ्या येतात. वाफ्यात उन्हाळ्यासाठी लाल माठ पेरला. ‘क’ची दोन झाडं बुंध्याशी अजून हिरवी आहेत. ती आंब्याखाली ठेवली, पावसात पागोळ्यांपासून लांब हलवीन. जगतील असं वाटत नाही.

बी : निळ्या लार्कस्परचं ११ ग्रॅम, ‘क’चं चिमूटभर. आठ दिवस सावलीत वाळवलेलं. स्टीलच्या डबीत, सिलिका जेलची पुडी घालून फ्रिजमध्ये, भाजीच्या खणाच्या मागे.

पुढच्या हंगामासाठी : पेरणी दोन आठवडे आधी, बल्ब १ डिसेंबरपासून, जाळी पहिल्या दिवशी. खरं पॅसिफिक मिळालं तर फक्त ६ बिया.

डबीवर मी तारीख आणि ‘डे. अजासिस, निळा’ लिहिलं होतं. संध्याकाळी फोडणी करताना हिने ती उघडून पाहिली, काळं बारीक बी. आता त्यावर लाल मार्करने, माझ्या अक्षरांच्या दुप्पट आकारात लिहिलंय : मोहरी नाही.